नववी सही

आमच्या इमारतीत कागद खालून वर चढतो. बैठका आम्ही घेत नाही. शेवटची बैठक झाली ती पाण्याच्या टाकीवरून, आणि तिच्यात एकाची खुर्ची मोडली, दुसऱ्याचा चष्मा. तेव्हापासून रीत पडली. इमारतीत काहीही करायचं असेल तर ते कागदावर लिहायचं, कागद तळमजल्यावर द्यायचा, एकेका घराने एक दिवस ठेवून सही करायची आणि वरच्या घरी पोचवायचा. एकाने जरी सही नाकारली तरी कागद तिथूनच मागे. दहा घरं आहेत, त्यातलं एक कुलूपबंद. आमचं चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या खाली. त्यामुळे नववी आणि शेवटची सही नेहमी माझी.

त्या सकाळी आठ सह्यांचा कागद माझ्या हातात होता आणि मला एका जागी उभं राहवत नव्हतं. कागद लिहिला होता मीच. विषय एका ओळीचा: गच्चीवर सौर पॅनल बसवावेत. त्या एका ओळीसाठी सहा महिने मी जिने झिजवले होते. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या ताईंना शिलाई मशीनचं सांगितलं, दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना लिफ्टच्या बिलाचं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या हरकतकाकांना सगळंच, तीन-तीनदा. त्यांचं नाव अर्थातच हे नाही. पण जिन्यातला दिवा बदलायचा म्हटलं तरी "माझी एक हरकत आहे" म्हणून सुरुवात करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? भोकं पाडली तर गच्ची गळेल, ही हरकत मी मोडून काढली. वाऱ्याने पॅनल उडून कुणाच्या डोक्यात पडलं तर, हीही मोडली. आणि प्रत्येक दारातून निघताना, सहज आठवल्यासारखं, मी एक वाक्य टाकायचे: "शिवाय लाइट गेली तरी आपलं घर चालू!"

मला हवं होतं ते तेवढंच. बाकीचं सगळं त्या वाक्यावर घातलेलं पांघरूण होतं.

आमचे हे अकरा महिन्यांपासून ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. फुफ्फुसं निम्म्याहून जास्त कामातून गेलीत. मशीन विजेवर चालतं, त्याची नळी यांच्या नाकात, आणि नळी पोचेल तेवढं यांचं जग: पलंग, खिडकी, न्हाणीघर. लाइट गेली की मशीनची बॅटरी चाळीस मिनिटं ओढते. त्यानंतर कोपऱ्यातला सिलिंडर. सिलिंडरची झडप पाना लावून दोन हातांनी फिरवावी लागते, आणि ते यांच्याच्याने होत नाही. एकदा हट्टाने करून पाहिलं, तर पाना हातात धरूनच खाली बसले, ओठ निळे. झडप आधीच सैल करून ठेवावी तर सिलिंडर गळतो. म्हणजे लाइट गेल्यापासून चाळीस मिनिटांच्या आत मी घरात हवी. आमच्याकडे लाइट जाते ती दिवसाच, सगळीकडचे पंखे आणि मशीनं एकदम चालू झाली की. कधी तासभर, गेल्या महिन्यात एकदा सहा तास. अकरा महिने मी कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेलेले नाही. दुकानातसुद्धा सामान घेताना माझी मान मागे, आमच्या जिन्यातला दिवा जळतोय ना ते बघत.

आणि माझ्या मुलीचे दिवस भरत आले होते. तीन आठवडे राहिले होते. ती राहते बारा तासांच्या प्रवासावर. रोज फोनवर म्हणायची, "आई, तू यायचं मनातसुद्धा आणू नकोस हं. बाबांना कोण बघणार? इथे सगळं व्यवस्थित आहे." मी म्हणायचे, "बघू." मनात मात्र पक्कं होतं. पॅनल बसले, लाइटची कटकट संपली, की मी निघाले.

दुसरा काही उपाय नव्हता का, असं कुणीही विचारेल. इन्व्हर्टरची चौकशी केली, तर सहा तास मशीन ओढेल असा आम्हाला परवडणारा नव्हता. माणूसही ठेवून पाहिला होता. यांनी दुसऱ्याच दिवशी त्याला पिटाळलं, कारण त्याला पाना कुठल्या बाजूने धरायचा ते कळत नव्हतं म्हणे. मग शेजारी? छे. "कसे आहेत?" असं जिन्यात कुणी विचारलं की "बरे आहेत" एवढंच मी सांगत आले होते. आजवर कुणापुढे हात पसरला नव्हता, आता साठीला आल्यावर काय पसरणार? पॅनलचं बरं होतं. ते सगळ्यांचं होतं. त्यात माझं मागणं कुणाला दिसत नव्हतं.

पॅनलवाल्या कंपनीची मुलगी दहा वाजता आली. वय पंचविशीच्या आतबाहेर, पाठीवर पिशवी, हातात टेप, आणि कामाला वाघ. आल्या आल्या तिने गच्चीची लांबीरुंदी घेतली, कठड्याची उंची घेतली, स्लॅबला तडे आहेत का ते गुडघे टेकून पाहिलं. टाकीची सावली कुठवर येते ते खडूने आखलं. मी टेपचं टोक धरून तिच्यामागे फिरत होते.

"एका पॅनलवर जरी सावली पडली ना काकू, तरी रांगेतले सगळेच ढेपाळतात," ती म्हणाली. "म्हणून टाकीपासून एवढी जागा रिकामी सोडायची."

"सोडा, सोडा. पण बाकीच्यात बसतील ना?"

"बसतील की. तुमची गच्ची फार छान आहे. दिवसभर मोकळं ऊन आहे, स्लॅब दणकट आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, सगळं यावर निघेल. पाचेक वर्षांत खर्चही भरून येईल. मी उगीच कुणाला भरीला घालत नाही, परवाच एका इमारतीला स्पष्ट नाही म्हणून आले. पण तुमच्याकडे मला नाही म्हणायला जागाच नाही."

तिचा गालगुच्चा घ्यावा असं मला वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने एवढं बोललं होतं. "आणि कधी बसतील?"

"आज सह्यांचा कागद दिलात तर पंधरा दिवसांत."

पंधरा दिवस. म्हणजे मुलीचे दिवस भरायला आठवडा हातात. मी मनातल्या मनात बॅगसुद्धा भरायला घेतली. आणि मग, उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न पोरांना विचारावा तसं, मी विचारलं, "आणि लाइट गेली की?"

"लाइट गेली की हेही बंद."

मला वाटलं, तिला माझा प्रश्न कळला नाही. "अगं, लाइट बाहेरची गेली. ऊन आहे. भर दुपार आहे."

"कितीही ऊन असू दे काकू. बाहेरची लाइन गेली की आपलं यंत्र आपोआप थांबतं. थांबायलाच हवं. नाहीतर गच्चीवरची वीज उलटी बाहेरच्या तारेत शिरणार. आणि तिकडे कुणी बिचारा तार बंद आहे असं समजून खांबावर चढलेला असला तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "लाइनमनच्या जिवासाठी आहे ते."

माझ्या हातातलं टेपचं टोक सुटलं आणि सरसर तिच्याकडे गेलं.

आता हसायचं असेल तर हसा. आमचे हे लाइनमन होते. एकतीस वर्षं खांबांवर काढली त्यांनी. त्यांच्या जोडीदाराचे दोन्ही हात भाजले होते, ते एका दुकानदाराच्या जनरेटरची वीज उलटी तारेत आल्यामुळे. महिनाभर मी त्या माणसासाठी दवाखान्यात डबा नेत होते. उलटी वीज हा शब्द आमच्या घरात एखाद्या रोगाच्या नावासारखा दबक्या आवाजात बोलला जायचा. आणि त्याच घरातली मी, सहा महिने आठ दारांत उभी राहून सांगत सुटले होते की लाइट गेली तरी आपलं घर चालू! ज्याला सगळं माहीत, तो माणूस माझ्याच पलंगावर बसून होता, आणि त्याला विचारायचं मला सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं असंही नाही. लाइट जाण्याचा विषय आमच्याकडे काढायचाच नाही, असं न बोलता ठरून गेलं होतं. लाइट गेली की मी मुकाट उठते, ते मुकाट खिडकीबाहेर बघतात. पॅनल कशाला, तर लिफ्टचं बिल कमी यायला, असं मी त्यांना सांगितलं होतं. ते "बरं" म्हणाले होते.

"बॅटऱ्या लावता येतात," मुलगी म्हणाली. माझा चेहरा बघूनच म्हणाली असणार. "पण मग खर्च जवळजवळ दुप्पट, आणि गच्चीपाशी वेगळी खोली लागेल. घरात काही महत्त्वाचं मशीन आहे का काकू?"

"कसलं मशीन? काही नाही," मी फटकन म्हणाले.

ती टेप गुंडाळत म्हणाली, "मी पलीकडच्या गल्लीत अजून एक गच्ची बघायला चाललेय. चार वाजता येते परत. तेव्हा कागद द्या."

ती गेल्यावर मी गच्चीवर येरझाऱ्या घालत राहिले. तिने आखलेल्या खडूच्या रेषेवरून दहा वेळा गेले असेन, चपलांनी ती पुसूनसुद्धा गेली. दुप्पट खर्चाचा कागद या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या वर चढणार नाही हे मला माहीत होतं. म्हणजे तो रस्ता बंद. मग राहिलं काय? सही करून गप्प बसायचं? पॅनल बसतील, सगळे वाहवा करतील, आणि पहिल्यांदा लाइट गेली की आठही घरं माझ्या दाराकडे बघणार. की सही करायचीच नाही, आणि चांगल्या होणाऱ्या गोष्टीत खोडा घालायचा, ते तरी कशासाठी, तर मला उपयोग नाही म्हणून? आणि खरं सांगावं तर लाइनमनची बायको असून तिला एवढं कळलं नाही, हे हरकतकाका पुढची दहा वर्षं जिन्यात ऐकवणार. मला रागच राग येत होता. त्या मुलीचा, उन्हाचा, त्या दणकट स्लॅबचा. सगळ्यात जास्त माझा. गच्ची इतकी छान होती आणि माझ्या काही उपयोगाची नव्हती.

खाली आले तेव्हा हे खिडकीशी बसले होते. मशीनची घरघर चालू होती. मी पाणी प्यायले, भांडं जोरात ठेवलं, पुसलेला ओटा परत पुसला, चादर झटकली, पुन्हा ओट्याशी आले.

"काय म्हणाली पोरगी?" त्यांनी विचारलं. बोलताना त्यांना मधे थांबावं लागतं, चार शब्द आणि एक श्वास.

"गच्ची छान आहे म्हणाली."

"टाकीच्या सावलीचं बघितलं?"

"बघितलं. जागा सोडणार आहेत."

"हुशार आहे." एक श्वास घेऊन ते म्हणाले, "मग? सांगितलं का तिने? लाइट गेली की बंद होतं ते?"

माझ्या हातात ओटा पुसायचं फडकं होतं. ते तसंच राहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, मला माहीत नसेल तर कुणाला?"

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा बोललीस तेव्हापासून. लिफ्टच्या बिलासाठी कुणी... सहा महिने चार जिने चढउतार करतं का?"

मग माझा बांध फुटला. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. सहा महिने दारोदार फिरताना मला बघत होतात आणि मूग गिळून बसला होतात! त्या हरकतीच्या दारात मी तीन-तीन तास उभी राहिले, पायाचे तुकडे पडले, तेव्हा घरी येऊन तुमच्याशेजारीच पाय चेपत बसायचे, तेव्हा तोंड शिवलं होतं का? एक शब्द बोलला असतात तर मी आठ घरांपुढे अशी तोंडावर पडले असते का? आजारी माणसाशी असं बोलू नये हे मला कळत होतं. तरी मी बोलत होते.

त्यांनी मला बोलू दिलं. मग नळी नाकाशी नीट बसवत म्हणाले, "मला वाटलं, पॅनल बसतील. तू निश्चिंत होशील. पोरीकडे जाशील. परत आल्यावर कधीतरी कळेल. तेव्हा भांडली असतीस."

मला ते कळायला वेळ लागला.

"आणि मी तिकडे असताना लाइट गेली असती तर?"

"रोज कुठे जाते?"

"गेली असती तर?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची हवा भरत होतं. "पोरीला आत्ता तू हवी आहेस," ते म्हणाले. "मला काय... एकतीस वर्षं खांबावर होतो. रोज घरी येईनच असं कुठे होतं?"

मी पलंगाच्या कडेवर बसले. सकाळपासून पहिल्यांदा बसले. म्हणजे हा माणूस मला खोट्या भरवशावर बारा तास लांब पाठवणार होता, आणि इथे एकटा चाळीस मिनिटं मोजत बसणार होता, आणि वर त्याला वाटत होतं की त्याने माझ्यासाठी काहीतरी केलं. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं आणि हातात धरलेला त्यांचा हात सोडवत नव्हता. अकरा महिने लाइट जाण्याची भीती वाटत होती, ती याच्यापुढे काहीच नव्हती.

"मला न विचारता मरायचं नाही," मी म्हटलं.

"विचारीन की," ते म्हणाले, आणि हसायला गेले तर खोकला आला.

खोकला थांबेपर्यंत मी पाठ चोळली. मग उठले, कागद घेतला आणि आठ सह्यांच्या खाली लिहिलं: 'बाहेरची लाइट गेली की हे पॅनल बंद होतात. लाइट गेली तरी घर चालू राहील असं मी सगळ्यांना सांगितलं, ते चुकीचं होतं. लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या बिलासाठी पॅनल चांगलेच आहेत. त्यासाठी माझी सही. ज्यांनी माझं ऐकून दुसऱ्या कारणाने सही केली असेल त्यांनी ती खोडावी.' खाली सही ठोकली. आणि इमारतीत आजवर झालं नव्हतं ते केलं. कागद वरून खाली घेऊन निघाले.

हरकतकाकांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "हा कागद खाली कसा आला? माझी हरकत आहे. रीत म्हणजे रीत."

"आधी वाचा."

त्यांनी वाचला. चष्मा कपाळावर सरकवला, खाली आणला, पुन्हा वाचला. मला वाटलं आता यांना आनंदाच्या उकळ्या फुटणार. फुटल्याच. "वा! माझ्या सतरा हरकती मोडल्यात तुम्ही. सतरा! मी लिहून ठेवल्यात. आणि ही अठरावी, सगळ्यात मोठी, ती मला सुचू नये? आणि तुम्हाला तरी सुचू नये? घरात लाइनमन बसलेला! त्यांना का नाही विचारलंत?"

याचं उत्तर द्यायला एखादी थाप सहज मिळाली असती. थापा मला चांगल्या जमतात. पण त्या वेळी एकही सांगावीशी वाटेना.

"कारण त्यांच्यासमोर लाइट जाण्याबद्दल बोलायची मला हिंमत नव्हती," मी म्हटलं. आणि मग दारातच उभी राहून सगळं सांगितलं. मशीन, चाळीस मिनिटं, झडप, निळे ओठ. मुलीचे तीन आठवडे. ते काय ठरवून बसले होते, तेही सांगितलं. माझा आवाज जिन्यात घुमत होता आणि मला त्याची लाज वाटत होती, तरी थांबले नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात अवघड गेलं. "मला मुलीकडे जायचंय. दोन-तीन आठवडे तरी. लाइट गेली की वर येऊन कुणीतरी तो सिलिंडर उघडायला हवा. तुम्ही याल का?"

ते आत वळले. मला वाटलं, संपलं. चपला घालून, दाराची किल्ली खिशात टाकून ते बाहेर आले. "पाना कुठे असतो तुमचा?"

पुढचा तास आमच्या घरात जे चाललं होतं ते बघायला तिकीट लावता आलं असतं. आमच्या ह्यांनी पलंगावरून हुकूम सोडायला सुरुवात केली, नव्या भरतीच्या माणसाला शिकवावं तसं. हरकतकाकांनी पहिल्यांदा झडप उलटी फिरवून अशी आवळली की ती सोडवायला मला जावं लागलं. "अहो, झडप आहे ती, उसाचा चरक नाही!" हे ओरडले, आणि ओरडल्यावर श्वासासाठी थांबले. दुसऱ्यांदा झडप उघडली, पण नळी जोडायची राहिली. तिसऱ्यांदा सगळं झालं, पण सात मिनिटं लागली. "सात मिनिटांत माणूस मरत नाही," काका म्हणाले. "मी मरतो की नाही ते मी ठरवणार," हे म्हणाले. अकरा महिन्यांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. पाचव्या खेपेला दीड मिनिट. मला दाराशी उभं राहून करण्यासारखं काहीच नव्हतं. हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं ते मला कळत नव्हतं.

मग मी कागद घेऊन खाली गेले. काकांनी सही खोडली नव्हती. मधल्या घरांनीही वाचलं आणि सही राहू दिली. तळमजल्यावर शिवणवाल्या ताईंनी मशीन थांबवून वाचलं आणि पेन मागितलं.

"वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "मी लाइट गेल्यावर काम चालू राहील म्हणूनच सही केली होती. बाकी लिफ्ट मी कुठे वापरते?" आणि त्यांनी स्वतःचं नाव खोडलं. बरोबरच होतं त्यांचं. कागद पडला. मी वळले तर त्या म्हणाल्या, "आणि तो वरचा सिलिंडर मलाही दाखवा. काका बाहेर गेले असले तर मी जाईन. मी दिवसभर इथेच असते." जिन्यातलं सगळं खालपर्यंत ऐकू गेलं होतं. मला एरवी मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. तेव्हा "संध्याकाळी वर या, दाखवते," म्हणाले.

चार वाजता ती मुलगी आली. खोडलेलं नाव बघून तिचा चेहरा उतरला. "अरेरे, काकू. एवढी सुंदर गच्ची!"

"गच्ची कुठे पळून जात नाही," मी म्हटलं. "नवा कागद लिहीन, यावेळी खरं काय ते लिहून. पण परत आल्यावर."

"कुठे चाललात?"

मी तिला सांगितलं. तिला, एका अनोळखी पोरीला, फाटकात उभी राहून, मुलीच्या बाळंतपणाचं आणि ह्यांच्या मशीनचं सगळं सांगितलं. एकदा तोंड उघडलं की असं होतं बहुतेक.

वर येऊन फोन लावला. हे पलंगावर दमून पडले होते, पण डोळे उघडे होते. पलीकडून मुलीने नेहमीसारखं विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"वाद घालतायत. बरं ऐक, मी परवा निघतेय. तुझ्याकडे."

"आई, नको. मी म्हटलंय ना, बाबांना एकटं..."

"तुला विचारत नाहीये, सांगतेय. इथली सोय झाली आहे."

पलीकडे काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कट झाला. मी "हॅलो, हॅलो" करत खिडकीशी गेले, आणि मग ऐकू आलं. ती रडत होती. हुंदके देऊन, लहानपणी रडायची तशी, मधे श्वास अडकत.

"काय झालं गं?"

"काही नाही झालं. मी रोज तुला नको म्हणायचे, आणि फोन ठेवला की वाटायचं, ही खरंच येणार नाही. मला खूप भीती वाटतेय आई. रोज वाटते. तुला सांगितलं असतं तर तुम्हा दोघांचं कसं होणार म्हणून..."

मी ह्यांच्याकडे बघितलं. फोनचा आवाज मोठा होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी नळी सांभाळत हात वर केला आणि दाराकडे बोट दाखवलं.

"परवा कशाला," मी फोनमध्ये म्हटलं, "उद्याच निघते."